भाऊ पेठेतून परत आलाय. त्याच्यासाठी काय करता येईल?

निंबोळी (धागाकर्ती)

माझा धाकटा भाऊ मागच्या दिवाळीला पुण्याहून घरी आला आणि परत गेलाच नाही. भाऊबीजेनंतर चार दिवसांनी त्याची पेटी ट्रॅव्हल्सनं आली, तेव्हा आम्हाला समजलं. पेटीत दोन पँट, चार शर्ट आणि बाकी सगळी पुस्तकं. राज्यघटना, भूगोल, पंचायत राज, चालू घडामोडींच्या मासिकांचे गठ्ठे. आईनं ती पुसून माडीवर लावून ठेवली आहेत. तो त्यांना हात लावत नाही.

२०१४ ला तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. चाकणला एका कंपनीत दोन वर्षं कंत्राटी काम केलं. कंत्राट संपलं तसं २०१६ मध्ये सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा घेतली आणि एमपीएससीचा अभ्यास सुरू केला. तीन वेळा पूर्व परीक्षा निघाली, दोनदा मुख्य दिली, एकदा मुलाखतीच्या यादीत यायला दोन गुण कमी पडले. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुपर्यायीऐवजी वर्णनात्मक होणार म्हटल्यावर 'ताई, आता पुन्हा पहिलीपासून सुरू करायचं बळ नाही' एवढंच तो फोनवर बोलला होता. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

वडिलांची औशाजवळ तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, सोयाबीन आणि तूर. मी लातुरात एका पतसंस्थेत आहे. त्याला दर महिन्याला सात-आठ हजार जायचे, त्यातले निम्मे माझे असायचे. त्याबद्दल मला कधीच तक्रार नव्हती आणि आजही नाही.

तो आता बत्तीस वर्षांचा आहे. पहाटे पाचला शेतात जातो, म्हणजे गावातलं कुणी भेटायच्या आत. अंधार पडल्यावर परत येतो. लग्नकार्याला जात नाही. मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला मीच आग्रहानं नेलं. पंगतीत एकानं विचारलं, 'काय साहेब, कधी लागताय?' तो भरल्या ताटावरून उठला. आम्ही शोधत होतो तर बसस्टँडवर सापडला, तीन तासांनी. तो आग्रह मी करायला नको होता.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. त्याच्या बायोडेटात २०१६ ते २०२४ पुढे काय लिहायचं? बत्तिसाव्या वर्षी त्याला कोण उभं करतं? आणि मी त्याच्याशी काय बोलू? 'होईल सगळं नीट' हे मी इतक्यांदा म्हटलंय की आता माझा मलाच आवाज खोटा वाटतो.

तुमच्यापैकी जे यातून गेले असतील त्यांनी कृपया लिहा. नेमकी कुठली मदत कामी आली, ते हवं आहे.

---

उगवतीचा पांथस्थ

ताई, वय गेलेलं नाही. खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत संधी आहे. दोन गुणांनी हुकला म्हणजे दारापर्यंत पोचला होता. आता सोडू देऊ नका. माझ्या ओळखीत एक जण सदतिसाव्या वर्षी लागला.

---

खुर्ची क्रमांक ४२

ताई, तुमचा भाऊ आणि मी कदाचित एकाच मेसला जेवलो असू. मी सहा वर्षं नव्या पेठेत होतो. आयडी माझ्या अभ्यासिकेतल्या खुर्चीचा नंबर आहे.

बाहेरच्यांना वाटतं की पोरं पुण्यात मजा करतात. सकाळी सातला अभ्यासिकेत बसायचं, दुपारी डबा दोघांत एक घ्यायचा कारण एका डब्यात चार पोळ्या असतात, रात्री अकराला खोलीवर. एका खोलीत पाच जण. गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर ढोल वाजत असतात आणि आपण कानात कापूस घालून अर्थव्यवस्था वाचत असतो. कुणाचा निकाल लागला की त्याला गुलालात न्यायचं, चहा प्यायचा आणि परत त्याच खुर्चीवर येऊन बसायचं. दरवर्षी शेजारची खुर्ची बदलते, आपली नाही.

मार्च २०२१ आठवतोय. १४ तारखेला राज्यसेवा पूर्व होती. करोनामुळे आधीच ती अनेकदा पुढे गेलेली. ११ तारखेला, म्हणजे तीन दिवस आधी, पुन्हा पुढे ढकलल्याचं पत्रक आलं आणि शास्त्री रस्त्यावर हजारो पोरं उतरली. मी पण होतो. शेवटी २१ तारखेला परीक्षा झाली. लोकांना तो आठवडाभराचा प्रश्न वाटला. पण घरून 'या महिन्यात शेवटचे पैसे पाठवतोय' असं ऐकलेल्या पोराला महिना म्हणजे काय ते माहीत असतं.

पांथस्थ यांच्यावर राग नाही, पण ३८ हे वय संधी म्हणून दिलंय आणि ते सापळा म्हणून काम करतं. पंचवीसला सोडायला हवं ते पोरगं तेहतीसपर्यंत बसतं, कारण 'अजून वय आहे'. आकडे बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांची जाहिरात होती आणि अर्ज दहा लाखांवर. एका जागेमागे दोनशेहून जास्त माणसं. खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये शुल्क, राखीवला ९००. त्यातले नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त आळशी होते का?

आता मला कशानं मदत झाली ते. परत आल्यावर घरी येणारा प्रत्येक माणूस काहीतरी सुचवायचा. बँकेचं बघ, डेअरी टाक, यूट्यूब चॅनेल काढ. मी मान हलवायचो. आमच्या थोरल्या भावाचा एक मित्र चाकणला गोदाम सांभाळतो. तो आला, चहा प्यायला आणि जाताना म्हणाला, 'माझा स्टॉकवाला सुट्टीवर चाललाय. सोमवारी ये. तीन महिने बघ, बारा हजार देईन.' त्यानं मला काय जमतं, काय नाही, काहीच विचारलं नाही. 'सोमवारी ये' या दोन शब्दांनी मी उठलो. तीन महिन्यांत एक्सेल शिकलो, ई-वे बिल शिकलो. आज तिथेच सुपरवायझर आहे. पाच वर्षांनी पहिल्यांदा मी आईला साडी घेतली तेव्हा ती रडली आणि मी गोदामात जाऊन रडलो.

भावाला काय कर ते सांगू नका. त्याला एक सोमवार द्या.

---

पांढरा डगला

खुर्ची ४२, फार मनापासून लिहिलंत.

निंबोळी, एक गोष्ट थेट विचारते. तो 'मी ओझं झालोय', 'माझ्याशिवाय तुमचं बरं चाललं असतं' असं काही बोलतो का? झोप, जेवण कसं आहे? बोलत असेल तर स्पष्ट विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ वर, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः फोन करून 'भावाशी कसं बोलू' हे विचारलंत तरी चालतं. नोकरीचं नंतर.

---

निंबोळी

@पांढरा डगला, विचारलं. काल रात्री माडीवर जाऊन विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'मध्ये आले होते. आता नाही येत.' मी काही बोलले नाही, बसून राहिले. नंतर आईनं दोघांना खाली जेवायला हाक मारली. आज मी १४४१६ ला फोन केला. तिकडची बाई घाई न करता बोलली. तिचं म्हणणं पडलं की त्याला स्वतःला फोन करू द्या, पण नंबर त्याच्या हाताशी ठेवा. ठेवला आहे.

---

कागदोपत्री

मी भोसरीत एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआरमध्ये चौदा वर्षं आहे. बायोडेटाचं उत्तर देते, कारण ते मला नक्की येतं.

ती आठ वर्षं लपवू नका. आमच्याकडे असे कागद येतात ज्यात २०१६ ते २०२४ 'फ्रीलान्स' लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या प्रश्नाला उमेदवार अडखळतो. सरळ लिहा: 'स्पर्धा परीक्षा तयारी, पुणे. राज्यसेवा पूर्व तीन वेळा उत्तीर्ण, मुख्य दोन वेळा दिली.' ज्याला त्या परीक्षेची कल्पना आहे तो हे वाचून थांबतो. ज्याला नाही, त्याच्यापुढे खोटं बोलूनही उपयोग नाही. खाली लगेच चाकणची दोन वर्षं घ्या आणि तिथे काय केलं ते ठोस लिहा: कुठली मशीन, कुठला पार्ट, किती माणसांची शिफ्ट. 'मेहनती, प्रामाणिक' हे शब्द काढून टाका. सगळेच लिहितात, कुणी वाचत नाही.

दुसरं, त्याला ट्रेनी इंजिनिअरच्या रांगेत उभं करू नका. त्या जागांना कंपन्या याच वर्षीची बॅच मागतात. त्यानं बघावं ते स्टोअर्स, क्वालिटी इन्स्पेक्शन, प्रॉडक्शन प्लॅनिंग, डिस्पॅच. तिथे वयापेक्षा शिस्त बघतात, आणि आठ वर्षं पहाटे उठून एका खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे ती असते. पहिल्या सहा महिन्यांचा पगार बघू नका.

तिसरं जरा अवघड आहे. आमच्याकडची कित्येक पदं जाहिरातीत येतच नाहीत. सुपरवायझर म्हणतो 'माझ्या माहितीत एक जण आहे', आणि भरती होते. पोरं याला वशिला म्हणतात आणि ओळख काढायला लाजतात. मी दोन्ही जवळून बघितलं आहे. वशिला म्हणजे न जमणाऱ्याला आत ढकलणं. जमणाऱ्या माणसाचा कागद बरोबर टेबलावर पोचवणं हे वेगळं आहे, ते ज्याला नोकरी आहे त्या प्रत्येकाचं काम आहे. तुमच्या कंपनीत जागा निघाली तर गावातल्या ग्रुपवर टाका. एवढं केलं तरी फार होईल.

आणि माझ्या क्षेत्राची एक चूक इथे कबूल करते. आम्ही नकार कळवत नाही. मुलाखतीला दीडशे किलोमीटरवरून आलेलं पोरगं महिनाभर फोन हातात धरून बसतं आणि आम्हाला एक ओळ पाठवायला वेळ नसतो. दोन वर्षांपूर्वी एका मुलाच्या वडिलांचा फोन आला, 'मॅडम, नाही तर नाही म्हणा, म्हणजे तो दुसरीकडे बघेल.' त्या दिवसापासून मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला मी आठ दिवसांत उत्तर पाठवते. शक्य असेल तर कारणही. इथे कुणी भरतीच्या कामात असेल तर हे उद्यापासून सुरू करा. याला कुणाची परवानगी लागत नाही.

---

सरळमार्गी

मला थोडं कडू बोलायचंय, माफ करा. घरच्यांनी आठ वर्षं पैसे पाठवले हीच चूक झाली असं मला वाटतं. तीन वर्षांची मर्यादा घातली असती तर आज ही वेळ नसती. माझ्या मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तीन प्रयत्न, मग जे मिळेल ते काम. प्रेमापोटी मर्यादा न घालणं हे प्रेम नाही.

---

खुर्ची क्रमांक ४२

@सरळमार्गी, मर्यादेबद्दल तुमचं बरोबर आहे, पण ती आधी घालायची असते. नंतर तिचं टोचणं होतं. आणि तीन वर्षं कुणी मोजायची? मधल्या काळात करोना आला, जाहिराती रखडल्या, कधी परीक्षा होऊन नियुक्त्यांना वर्ष लागलं. पोरगं 'तिसरा प्रयत्न' म्हणतं तेव्हा कॅलेंडरात पाच वर्षं गेलेली असतात. मर्यादा वर्षांची घाला, प्रयत्नांची नको. तयारीत असलेल्या मुलांच्या पालकांना मी हेच सांगतो.

---

आठशे मीटर

मी बीड जिल्ह्यातली आहे, वय २३. पोलीस भरती करते. मोठं लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

२०२४ ची भरती १७,४७१ जागांची होती, अर्ज सतरा लाखांच्या वर. मैदानी चाचणी जूनमध्ये सुरू झाली, ऐन पावसात. आमच्या गावात मैदान नाही, मी पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळते. वडील मोटारसायकल घेऊन मागे राहतात, उजेडासाठी. आम्हा मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, पन्नास गुणांची.

मैदानावर पहाटे पाचला हजर राहायचं असतं. म्हणजे आदल्या रात्री त्या शहरात पोचायला हवं. लॉजवर एकट्या मुलीला खोली देत नाहीत, दिली तर आठशे-हजार मागतात. आम्ही चौघी बसस्टँडवर बसलो होतो, पाऊस चालू, अंगावर ओले कपडे. चहाच्या टपरीवरच्या मावशींनी विचारलं आणि त्या आम्हाला घरी घेऊन गेल्या. पत्र्याची खोली होती. त्यांनी चुलीजवळ आमचे बूट वाळत ठेवले, पहाटे तीनला उठून पाणी तापवलं, केळी दिली. 'पोट भरून पळू नका' म्हणाल्या. मी त्या दिवशी माझं आजवरचं सगळ्यात चांगलं टायमिंग दिलं.

लेखीत सहा गुणांनी राहिले. पुन्हा देणार आहे. सरकारी योजना मला फार कळत नाहीत. पण परीक्षेच्या आदल्या रात्री झोपायला जागा मिळाली तर खूप पोरींचं भलं होईल. परीक्षा ऑनलाइन असली तरी केंद्र दोनशे किलोमीटरवर येतं.

---

जुना फिटर

सर्वांना नमस्कार. मी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. नात हे टाइप करून देत आहे.

पदवीधर मुलगा यंत्राजवळ यायला कचरतो. त्याला वाटतं, इंजिनिअर होऊन आता ऑपरेटर काय व्हायचं. मी सांगतो, चांगला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) सेटर किंवा मापन यंत्रावर हात बसलेला माणूस आज वाळूज, चाकण, रांजणगावात हातोहात उचलला जातो. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्र सरकारची. तिथले छोटे अभ्यासक्रम उत्तम आहेत. बत्तीस हे वय हात बसायला मोठं नाही.

सरकारी बाजूचं सांगतो. महास्वयं संकेतस्थळावर नाव नोंदवा. प्रत्येक जिल्ह्याला कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. जुन्या लोकांना ते एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणून माहीत असेल. रोजगार मेळाव्याला जाताना पाच प्रती बायोडेटा न्या आणि तिथे कुठल्या कंपन्या येणार ती यादी आधी बघा. मुलं फाइल घेऊन सकाळी येतात, सगळ्या टेबलांवर एकच कागद देतात आणि दुपारी निराश होऊन जातात. दोन टेबलं ठरवा, तिथे नीट बोला.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. १८ ते ३५ वयासाठी. बारावीला महिना ६,०००, आयटीआय व पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० विद्यावेतन. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती, पुढे वाढवली. माझं स्पष्ट मत आहे की ती नोकरी समजून घेऊ नये. अनेक मुलांनी कार्यालयांत मन लावून काम केलं आणि मुदत संपल्यावर 'आम्हाला कायम करा' म्हणून आंदोलनं केली, कारण पुढचा रस्ता कुणी आखलाच नव्हता. कार्यालयाऐवजी कारखाना निवडता आला तर निवडा. तिथे हाताला काहीतरी लागतं, ते मुदतीबरोबर संपत नाही.

निंबोळीताई, भावाला घेऊन माझ्याकडे या असं म्हटलं असतं, पण मी नाशकात आहे. फोनवर बोलायला कधीही तयार आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

सावध रहा

कृपया हे सगळ्यांनी वाचा. आमच्या घरात घडलेलं आहे.

माझ्या चुलत भावाला एकानं सांगितलं, 'माझी वरपर्यंत ओळख आहे, साडेतीन लाख, अर्धे आधी.' काकांनी एक एकर गहाण टाकलं. खोटं नियुक्तिपत्र आलं, शिक्क्यासकट. भाऊ नवे कपडे घालून हजर व्हायला गेला तेव्हा दारावरच्या शिपायानं सांगितलं की या आठवड्यातला तू तिसरा.

असे एजंट कसे कमावतात ते नंतर कळलं. तो दहा जणांकडून पैसे घेतो आणि कुठेही काहीही करत नाही. दहातला एखादा स्वतःच्या अभ्यासावर लागतो. त्याचे पैसे 'माझ्यामुळे झालं' म्हणून ठेवतो. बाकीच्यांना पुढच्या भरतीची आशा दाखवतो, फार ओरडणाऱ्याला थोडे परत देतो. लागलेला मुलगाच मग नकळत त्याची जाहिरात होतो. लाच देणाराही गुन्हेगार ठरतो या भीतीनं कुणी तक्रार करत नाही.

शहरात दुसरा प्रकार आहे. मोबाइलवर ऑफर लेटर येतं, मग लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगची फी. किंवा घरबसल्या 'टास्क', जिथे पहिले पाचशे रुपये खरंच मिळतात आणि मग पन्नास हजार जातात. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे मागत नाही. फसलात तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. आणि घरच्यांना सांगा. आमच्या भावानं चार महिने सांगितलं नव्हतं.

---

मधला जिना

मी स्पर्धा परीक्षावाला नाही, पण बेरोजगार आहे. वय ४६, बावीस वर्षं आयटीत, मार्चमध्ये 'स्वतः राजीनामा द्या' म्हणून सांगण्यात आलं. तीन आठवडे मी रोज सकाळी बॅग घेऊन घराबाहेर पडत होतो आणि वाचनालयात बसत होतो. बायकोला सांगितलं नव्हतं. मुलीची दहावी होती.

सांगितल्यावर ती म्हणाली, 'तुझा डबा मी रोज कुणासाठी भरत होते?' त्यानंतर मात्र तिनं वही काढली आणि आम्ही खर्च मांडला. उशीर करू नका एवढंच सांगेन. हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा, नंतर तेच लोक वेगळ्या आवाजात बोलतात. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो, त्याच विमा कंपनीकडे स्वतःची पॉलिसी करून घ्यायचं राजीनाम्याआधीच विचारा.

ज्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होता अशा कामगारांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. काम सुटल्यावर सरासरी रोजच्या मजुरीच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. अटी आहेत, शाखा कार्यालयात जाऊन विचारा. मला ती लागू नाही, पण आमच्या इमारतीतल्या दोन जणांना माहीतच नव्हती.

---

तिफण

मी शेतकरी. निंबोळीताईंच्या भावाबद्दल वाचून एक सांगावंसं वाटतं. तो शेतात राबतो ना, मग सरकारच्या मोजणीत तो बेरोजगार नाही. घरच्या शेतात बिनपगारी हात लावणारा रोजगारातच धरतात. जुलै २०२३ ते जून २०२४ च्या सरकारी पाहणीत देशातली बेरोजगारी ३.२ टक्के होती आणि १५ ते २९ वयोगटात १०.२. त्यात आमच्या बांधावरची ही पोरं नाहीत. तीन एकरात तीन माणसं आधीच होती, चौथा आला म्हणून सोयाबीनची पोती वाढत नाहीत.

आणि त्याची दुसरी बाजू घरात दिसते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नं जमत नाहीत म्हणून नवरदेवाच्या वेशात पोरांनी मोर्चा काढला होता. लोक फोटो बघून हसले. मला हसू आलं नाही, माझा पुतण्या त्याच वयाचा आहे.

आपल्या राज्यानं यावर एकदा विचार केला होता याची आठवण करून द्यायचीय. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग केला, मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला. माझी आजी त्या कामावर खडी फोडायला होती, पाझर तलावाच्या. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. देशाचा २००५ चा कायदा त्याच्या नंतरचा. आणि पैसा कुठून आला? १९७५ पासून पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून गावातल्या बिनकामाच्या माणसाची मजुरी. काम मागणं ही भीक नाही, हक्क आहे, हे त्या कायद्यानं माझ्या आजीला सांगितलं. ती हजेरीपटावर अंगठा लावायची तेव्हा ताठ उभी राहायची, असं वडील सांगतात.

शिकलेल्या पोरांसाठी असा कायदा नाही. त्यांना खडी फोडायला पाठवा असं मी म्हणत नाही. पण काम मागताना त्यांनी मान खाली घालावी, हे मला पटत नाही.

---

कागदोपत्री

@तिफण, मी दर महिन्याला साडेतीनशे पगारपत्रकं तयार करते. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. चौदा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की ही वजावट कशासाठी सुरू झाली. आज दुपारी जेवताना आमच्या विभागात सगळ्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यातून एक ठरलं. आम्ही सहा जण दर शनिवारी दोन तास बायोडेटा तपासून देणार, विनामूल्य. इथल्या कुणालाही हवं असल्यास व्यनि करा. मराठीत लिहून पाठवलात तरी चालेल.

---

निंबोळी

तीन आठवड्यांनी लिहितेय.

खुर्ची ४२ यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी एक केलं जे आधी कधी केलं नव्हतं. आमच्या पतसंस्थेचे एक खातेदार आहेत, त्यांची दाळ मिल आहे. लातुरात अशा मिला भरपूर. मी त्यांच्याकडे गेले आणि स्पष्ट विचारलं, 'भावाला काम हवंय, तुमच्याकडे आहे का?' तोंडातून शब्द निघत नव्हते. ते म्हणाले, 'तुरीचा हंगाम आहे, वजनकाट्यावर आणि आवक-जावक बघायला माणूस लागतोच. सोमवारी पाठवा.' हेच शब्द. मी त्यांना या धाग्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

भावाला सांगितलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला नाही. 'ताई, तू माझ्यासाठी हात पसरलास?' म्हणाला. मी त्याला तिफण यांचा प्रतिसाद वाचायला दिला. वाचून फोन परत दिला, काही बोलला नाही. सोमवारी साडेसातला मात्र तयार होता. बारा हजार पगार आहे. आठवडाभर माझ्याकडे राहतो, शनिवारी संध्याकाळी गावी जातो. काल जेवताना काट्यावरच्या ओलाव्याच्या यंत्राबद्दल बोलत होता, ओलाव्याचे आकडे कसे लिहायला हवेत ते. पंधरा मिनिटं सलग. आई फोनवर होती, तिला ऐकू जावं म्हणून मी फोन मध्येच ठेवला.

परीक्षेचं त्यानं काही ठरवलेलं नाही. मीही विचारत नाही. कागदोपत्री यांनी सुधारून दिलेला बायोडेटा चार ठिकाणी गेला आहे. एका ठिकाणाहून नकार आला, तोही कारणासकट. तो म्हणाला, 'निदान कळवलं तरी.'

@आठशे मीटर, तुझं वाचून आम्ही घरात ठरवलं की आमची पुढची खोली परीक्षार्थींसाठी मोकळी ठेवायची. पुढच्या रविवारी लातूरच्या केंद्रावर एक परीक्षा आहे. त्यासाठी परभणीकडच्या दोन मुली शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं येणार आहेत. भाऊ त्या दिवशी गावी न जाता त्यांना बसस्टँडवरून आणणार आहे आणि सकाळी केंद्रावर सोडणार आहे. कुठलं केंद्र कुठे आहे, आत काय न्यायचं, काय नाही, हे त्याच्याइतकं आमच्यात कुणाला माहीत नाही. तिसरीची जागा अजून आहे. कुणी येणार असेल तर शुक्रवारपर्यंत व्यनि करा. जेवण साधं असतं, भाकरी आणि वरण.

---

आठशे मीटर

ताई, माझी मावसबहीण त्याच परीक्षेला आहे. व्यनि केला आहे.

---

जुना फिटर

नाशकात माझ्याकडे दोन मुलांची सोय होईल. जिना चढावा लागेल. पहाटे गरम पाणी मी स्वतः देईन, मला झोप नसतेच.